न दिसणाऱ्या जखमेची भरपाई

शरीअतच्या आदेशांमागे पाच गोष्टींचे रक्षण हा हेतू आहे, असे इमाम गज्जाली (रह.) यांनी प्रतिपादन केले आहे : धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. सामान्यतः आपण या पाचांचा विचार वेगवेगळा करतो. प्राणाचा प्रश्न रुग्णालयात नेतो, मालमत्तेचा बाजारात किंवा न्यायालयात, आणि बुद्धीच्या रक्षणाचा विषय निघाला की आपल्याला मद्याची निषिद्धता तेवढी आठवते. परंतु काही आपत्ती अशा असतात की त्या एकाच घावात प्राण, बुद्धी आणि मालमत्ता या तिन्हींना स्पर्श करतात. लहान मुलाच्या डोक्याला बसलेला मार ही अशीच एक आपत्ती होय. तिच्या उपचारांविषयी डॉक्टरांनी बोलावे. प्रस्तुत लेखात विचार करायचा आहे तो तिच्या नैतिक बाजूचा. जी जखम डोळ्यांना दिसत नाही, जिचा अहवाल निर्दोष येतो, पण जिच्यापायी एखाद्या कुटुंबाची मिळकत महिनोन्‌महिने झिरपत राहते, तिचा भार कोणी उचलायचा? आणि तो भार माफ करण्याचा अधिकार कोणाला आहे?

हादरा आणि त्याचे उरलेपण

मोटारसायकलवरून पडणे, गच्चीवर पतंग उडवताना तोल जाणे, चेंडू डोक्यावर आदळणे, शाळेच्या जिन्यात धक्का लागणे. निमित्त कोणतेही असो, मेंदूला जो हादरा बसतो त्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. मूल क्षणभर गोंधळते, त्याला उलटी होते, कधी पडण्याआधीचे काही आठवत नाही. दवाखान्यात तपासणी होते, गरज वाटल्यास सीटी स्कॅन काढतात. रक्तस्राव नाही, हाड मोडलेले नाही, असे कळते आणि मूल घरी येते. आईवडील अल्हमदुलिल्लाह म्हणतात आणि ते योग्यच आहे.

बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात. पण सर्व नव्हे. कॅनडातील 9 बालरुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत आलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांचा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांची अखेरपर्यंत माहिती मिळाली त्यांच्यापैकी सुमारे 31 टक्के मुलांना 28 दिवसांनंतरही त्रास होत होता. डोके दुखते, भोवळ येते, उजेड आणि गोंगाट सहन होत नाही, झोप बिघडते, चिडचिड वाढते, दोन ओळी वाचल्या की तिसरी ओळ डोक्यात शिरत नाही. कालपर्यंत पारा सहज पाठ करणारे मूल आज एका आयतीवर अडते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेले हाड दिसते. कन्कशनमध्ये बिघडते ते मेंदूचे काम. त्याचा आकार जसाच्या तसा असतो, म्हणून स्कॅन सहसा स्वच्छ येतो. स्वच्छ अहवालाचा अर्थ प्राणावरचे संकट टळले, एवढाच आहे. मूल बरे झाले, असा त्याचा अर्थ नाही. या दोन वाक्यांतील अंतर ज्याला कळले नाही, त्याला पुढचा सारा प्रश्नच कळणार नाही.

पैसा कोठे जातो?

पहिल्या दिवसाचा खर्च सर्वांना दिसतो : रुग्णवाहिका, स्कॅन, औषधे. त्याची बिले असतात. नातेवाईक विचारपूस करतात, कोणी हातात काही रक्कम ठेवतो. खरी झीज त्यानंतर सुरू होते आणि तिची बिले नसतात.

मूल शाळेत जाऊ शकत नाही म्हणून आईला घरी थांबावे लागते. जी बाई दुसऱ्याच्या घरी काम करते किंवा नगावर शिलाई करते, तिच्या थांबण्याचा हिशेब कोणी मांडत नाही. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाला विणलेल्या कापडावर मजुरी मिळते. मुलाला घेऊन तो शहरातल्या मेंदूविकार तज्ज्ञाकडे गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि शिवाय एसटीचे भाडे, बाहेरचे जेवण, तपासणीची फी. त्रास जात नाही म्हणून घाबरून दुसरा डॉक्टर, पुन्हा स्कॅन, मग एमआरआय. अभ्यास मागे पडला म्हणून शिकवणी. चष्मा बदलून पाहिला जातो, शक्तिवर्धक औषधे आणली जातात. कोकणातील एखाद्या घरात बाप आखाती देशात असेल तर त्याला रजा काढून यावे लागते आणि वर्षाची बचत विमानाच्या तिकिटात जाते. अखेरीस आईच्या हातातील बांगडी सराफाकडे जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे घर व्याजाच्या कर्जात उतरते. धाकट्या बहिणीची फी थकते. तिच्या डोक्याला मार लागला नव्हता, पण घावाचा वाटा तिलाही मिळतो.

शासकीय मदतीची रचना पाहिली तरी हीच फट दिसते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे कवच वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांचे आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. 2025 मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तिची मर्यादा दीड लाख रुपये आणि मुदत सात दिवसांची आहे. या योजनांनी असंख्य जीव वाचतात आणि त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट 2023 पासून उपचार विनामूल्य आहेत, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. परंतु जे मूल दाखलच झाले नाही, ज्याचा त्रास आठव्या दिवसानंतर उरला आहे, त्याच्या बापाची बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेच्या रकान्यात बसत नाही.

याच फटीत आणखी एक खर्च शिरतो आणि त्याविषयी मौन पाळणे इमामाला शोभणार नाही. मूल चिडचिडे झाले, रात्री दचकून उठते, उजेडाला घाबरते, हे पाहून कोणीतरी सांगते की ‘वरचे’ काही आहे. मग ताविजाची किंमत, उताऱ्याची किंमत, दर गुरुवारची भेट. दुआ करणे, मुलावर कुरआनची आयत वाचून दम करणे यास कोणाची हरकत नाही. आई ते घरीच करू शकते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पण हुजूर (सल्ल.) यांनी उपचार घेण्याची आज्ञा केलेली असताना, जखमी मेंदूच्या लक्षणांना जिन्नाचे नाव देऊन गरिबाचा पैसा काढणे हा त्या मुलावर झालेला दुसरा आघात आहे.

जमातीपुढे येणारा वाद

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जमातीच्या बैठकीत येणारा प्रसंग बहुधा असा असतो. मोहल्ल्यातील एका तरुणाच्या मोटारसायकलची धडक शेजाऱ्याच्या दहा वर्षांच्या मुलाला बसते. तरुण पळून जात नाही. मुलाला उचलून दवाखान्यात नेतो, पहिल्या दिवसाचे बिल भरतो. स्कॅन स्वच्छ येतो. संध्याकाळी दोन्ही घरची वडीलधारी माणसे बसतात. मुलाचे वडील मोठ्या मनाने म्हणतात, “जाऊ द्या भाईसाहेब, माफ केले. अल्लाहने वाचवले, हेच पुष्कळ.” चहा होतो, मुसाफहा होतो आणि प्रकरण मिटते.

चाळीस दिवसांनंतर तेच वडील अवघडून पुन्हा येतात. मुलाचे डोके अजून दुखते, शाळा बंद आहे, हात उसनवारीवर आला आहे. तरुणाचे वडील म्हणतात, “आम्ही आमचे कर्तव्य केले. अहवाल स्वच्छ होता. तुम्ही स्वतः माफ केले होते. आता किती दिवस देत राहायचे?”

या उत्तरात तीन दावे आहेत. जखम उरलेली नाही, हा पहिला. माफी झालेली आहे, हा दुसरा. देण्याला काही अंत असला पाहिजे, हा तिसरा. तिन्ही दावे वरवर पाहता न्याय्य वाटतात, म्हणून तिन्हींचा शांतपणे विचार केला पाहिजे. भारतात दियतचा कायदा लागू नाही, हे येथेच नमूद करतो. पुढील विवेचन न्यायालयासाठी नाही. ते त्या जमातीसाठी आहे जिला अल्लाहसमोर स्वच्छ हात घेऊन उभे राहायचे आहे. त्यास फतवाही समजू नये. प्रत्यक्ष प्रकरणात आपल्या मुफ्तींना विचारावे.

जखम उरली नाही, असे कधी म्हणावे?

डोक्याच्या जखमांना फिक्हच्या ग्रंथांत ‘शिजाज’ म्हणतात. इमाम मर्गिनानी (रह.) यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात त्यांचे दहा प्रकार मोजले आहेत. कातडीला नुसता ओरखडा येण्यापासून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचलेल्या घावापर्यंत ही पायरी चढत जाते. हाड उघडे पडले तर भरपाई पाच उंट, म्हणजे पूर्ण दियतचा विसावा भाग. मेंदूच्या आवरणापर्यंत घाव गेला तर दियतचा तिसरा हिस्सा. हाड उघडे पडण्याच्या आतील जखमांसाठी निश्चित रक्कम नाही. तेथे जाणकारांनी न्यायबुद्धीने ठरवायचे, यास ‘हुकूमते अद्‌ल’ म्हणतात.

ही सारी मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या जखमेची आहे. मग न दिसणाऱ्या हानीचे काय? शरीअतने तिच्याकडे दुर्लक्ष केलेले नाही. आघाताने बुद्धी गेली तर पूर्ण दियत लागू होते, मग डोक्यावरची जखम कितीही किरकोळ असो. हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक रिवायत प्रसिद्ध आहे. एका माणसाच्या डोक्यात दगड बसला आणि त्याचे श्रवण, वाणी, बुद्धी व वैवाहिक क्षमता ही चारही गेली. तो माणूस जिवंत असतानाही हजरत उमर (रजि.) यांनी चार दियतींचा निवाडा केला. घाव एकच होता. निवाडा मात्र घावाच्या लांबीवर झाला नाही, माणसाने काय गमावले यावर झाला.

आता राहते ती मधली अवस्था : बुद्धी गेलेली नाही, पण शाबूतही नाही, जखम भरली आहे, पण त्रास भरलेला नाही. या ठिकाणी ‘हिदाया’तील एक मतभेद विलक्षण बोलका आहे. डोक्याची जखम पूर्ण भरून आली, व्रण राहिला नाही, केसही उगवले, तर भरपाई द्यायची का? इमाम अबू हनीफा (रह.) म्हणतात, भरपाई ज्या वैगुण्यासाठी होती तेच नाहीसे झाले, म्हणून ती राहत नाही. इमाम अबू यूसुफ (रह.) म्हणतात, वैगुण्य गेले तरी सोसलेली वेदना घडून गेली आहे, तिचे मोल ठरवून द्यावे लागेल. इमाम मुहम्मद (रह.) म्हणतात, वैद्याची फी आणि औषधाची किंमत द्यावी लागेल, कारण तो खर्च जखमी माणसावर या कृत्यामुळेच पडला; जणू मारणाऱ्याने तेवढी रक्कम त्याच्या मालातून काढून घेतली.

गुरू आणि त्यांचे दोन थोर शिष्य यांच्यातील हा मतभेद बाराशे वर्षांहून जुना आहे, पण आपल्या शेजाऱ्यांच्या भांडणाचे सारे मुद्दे त्यात आहेत. एकाने व्रण पाहिला, दुसऱ्याने वेदना, तिसऱ्याने खर्च. इमाम मुहम्मद (रह.) यांचा युक्तिवाद तर सामान्य माणसालाही तत्काळ पटावा. माझ्या चुकीमुळे तुझ्या खिशातून पैसा गेला, तर तो पैसा प्रत्यक्षात मीच काढला आहे.

कोणी म्हणेल की इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मतानुसार तरी त्या तरुणावर काही उरत नाही. परंतु ते मत कोणत्या स्थितीविषयी आहे, ते पाहा. ते मत अशा जखमेविषयी आहे, जिचा कोणताही असर शिल्लक नाही. ज्या मुलाला चाळीसाव्या दिवशीही उजेड सहन होत नाही, ज्याला वाचलेले आठवत नाही, त्याच्यात असर शिल्लक आहे; फक्त तो केसांखाली नसून त्याच्याही आत आहे. म्हणजे तिघा इमामांचा मतभेद जेथे सुरू होतो, तेथवर आपले प्रकरण पोहोचलेलेच नाही. असर गेल्यानंतर काय द्यावे, हा त्यांचा प्रश्न होता. येथे असर गेलेलाच नाही.

कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. इमाम नववी (रह.) यांच्या ‘मिन्हाजुत्तालिबीन’मध्येही या प्रश्नावर मते नोंदली आहेत. काही उणीव उरली नसेल तर जखम भरण्याच्या अगदी आधीच्या अवस्थेत जी उणीव होती ती धरून भरपाई ठरवावी, असे तेथे प्रथम सांगितले आहे. काहीच देणे लागत नाही, हे मतही नोंदले आहे, पण दुर्बल म्हणून. जखम भरताच हात झटकावेत, ही त्या मजहबचीही मुख्य भूमिका नाही.

असर आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? ज्याला ठाऊक नाही त्याने जाणकारांना विचारावे, अशी कुरआनची आज्ञा आहे. येथे जाणकार म्हणजे डॉक्टर. पण आणखी एक साक्षीदार आहे. ज्या गोष्टी पुरुषांच्या दृष्टीस पडत नाहीत तेथे स्त्रीची साक्ष फुकहांनी मान्य केली. रात्री दोन वाजता डोके धरून बसलेले मूल पंचांना दिसत नाही, आईला दिसते. जमातीच्या बैठकीत तिचे म्हणणे पडद्याआडून का होईना, ऐकले गेले पाहिजे. ‘बायका उगीच घाबरतात’ असे म्हणून ते बाजूला सारणे म्हणजे प्रकरणातील मुख्य साक्ष फेटाळणे होय.

आजचा कायदाही या अडचणीतून सुटलेला नाही. मोटार अपघातातील जखमी मुलांच्या भरपाईविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये एका निकालात कायम अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार रकमा सांगितल्या. दहा टक्क्यांपर्यंत, अपवादात्मक परिस्थिती नसल्यास, 1 लाख रुपये आणि नव्वद टक्क्यांच्या वर 6 लाख रुपये. 2020 मध्ये त्याच न्यायालयाने डोक्याच्या गंभीर दुखापतीने पूर्णतः परावलंबी झालेल्या एका मुलीला 62 लाखांहून अधिक भरपाई दिली आणि तिची आयुष्यभर शुश्रूषा करणाऱ्या माणसांचा खर्चही त्यात धरला. हा निकाल न्यायाच्या दृष्टीने मोठा आहे. पण सहा महिने शाळा बुडालेल्या मुलाकडे टक्केवारीचे प्रमाणपत्र नसते. कायमचे काही नाही, म्हणून काहीच नाही, असा निष्कर्ष लोक काढतात. तो चुकीचा आहे. दावा करायचाच झाला तर 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवावा आणि वकिलाचा सल्ला वेळेत घ्यावा.

माफी कोणाची?

दुसरा दावा माफीचा. माफ करणाऱ्याचा दर्जा कुरआन व हदीसमध्ये फार उंच सांगितला आहे आणि आपल्या समाजात तो गुण अजून जिवंत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. पण माफी देताना एक अट असते : हक्क आपला असला पाहिजे. दुसऱ्याच्या थैलीतून केलेले दान हे दान नव्हे.

डोके मुलाचे फुटले. वेदना मुलाने सोसली. भरपाईचा हक्कदार मूल आहे. वडील त्याचे वली, म्हणजे त्याच्या हक्काचे रखवालदार आहेत, मालक नाहीत. ‘हिदाया’मध्ये हे स्पष्ट आहे : ज्याला स्वतःचे हित कळत नाही अशा माणसाच्या वतीने बाप तडजोड करू शकतो, पण माफी देऊ शकत नाही, कारण माफीने त्याचा हक्क बुडतो. अज्ञान मुलाचाही हाच हुकूम आहे. म्हणजे चहाच्या पेल्याबरोबर जी माफी दिली गेली ती वडिलांच्या स्वतःच्या तसदीपुरती खरी. मुलाच्या हक्काला ती स्पर्शही करू शकत नाही.

हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. समाजात आपला मोठेपणा दिसावा, शेजाऱ्याशी वाकडे नको, ‘पैशासाठी आले’ असे कोणी म्हणू नये, या भावनेने बाप गप्प बसतो. ही भावना वाईट नाही. परंतु तिची किंमत तो स्वतः देत नाही. ते मूल देते, जे अंधाऱ्या खोलीत पडून आहे आणि ज्याला त्या बैठकीत कोणी विचारले नव्हते. आपल्यापैकी प्रत्येक जण रखवालदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाविषयी जाब द्यावा लागणार आहे, या आशयाची हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात वारंवार ऐकतो. तिचा हाही एक अर्थ आहे.

त्यात घाईचा दोष मिळतो. जखम बरी होऊन तिचा शेवट कळेपर्यंत किसासचा निर्णय करू नये, हा हनफी फिक्हचा दंडक आहे. घावाचा परिणाम पहिल्या दिवशी कळत नाही, हे त्या विद्वानांना ठाऊक होते. आपण मात्र पहिल्याच संध्याकाळी प्रकरण मिटवतो. मुलाच्या डोक्याला मार असेल तर त्या दिवशी फक्त एवढे लिहून ठेवावे की मूल बरे झाल्यावर पुन्हा बसू. यात अविश्वास नाही. उलट दोन्ही घरांची अब्रू राखली जाते.

देणाऱ्याचाही हक्क आहे

तिसरा दावा असा की देण्याला अंत असला पाहिजे. हा दावा खरा आहे. कोणी कोणाचे नुकसान करू नये आणि नुकसानीचा बदला नुकसानीने घेऊ नये, हा नबवी नियम दोन्ही बाजूंना लागू होतो. ज्या तरुणाने मुलाला उचलून दवाखान्यात नेले तो शत्रू नाही. त्याच्याही घरी चूल आहे. मुलाचा प्रत्येक सर्दी-खोकला त्याच्या खात्यावर मांडणे हा जुलूम होईल. जे डॉक्टर त्या माराशी जोडतील तेच त्याचे, आणि गरजेचे उपचार तेवढेच त्याचे. शहरातील महागड्या रुग्णालयाचा हट्ट त्याच्या माथी मारता येणार नाही.

शिवाय सोय पाहिलीच पाहिजे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, असे सूरह बकराच्या 280व्या आयतीत सांगितले आहे. चुकून झालेल्या हत्येची दियतही आकिला, म्हणजे अपराध्याच्या आप्तांचा गट, तीन वर्षांत विभागून देत असे. म्हणजे अपराध एकाचा, भार अनेकांचा आणि मुदत लांबची. शरीअतने जखमीचा हक्क बुडू दिला नाही आणि चुकणाऱ्याला चिरडूही दिले नाही. आपल्या जमाती हे आजही करू शकतात. महिन्याला ठराविक रक्कम, तीन-तीन महिन्यांनी डॉक्टरांचे मत, मूल बरे झाले की हिशेब पूर्ण. तरुणाच्या काका-मामांनी त्यात हातभार लावावा.

धक्का देणारे स्वतःच अज्ञान मूल असेल तरी हाच न्याय. त्याच्यावर गुन्हा नाही, त्याचा हेतूही चूक मानला जातो. पण दुसऱ्या मुलाची हानी त्यामुळे पुसली जात नाही. ‘पोरांचा खेळ आहे’ या वाक्यात पाप नसल्याची ग्वाही आहे, खर्च नसल्याची नव्हे.

आणि हात जर उस्तादाचा असेल तर? चेहऱ्यावर मारण्यास हदीसमध्ये मनाई आहे. शाळांमध्ये शारीरिक शिक्षेस शिक्षण हक्क कायद्यानेही बंदी आहे. मक्तबात सबक चुकला म्हणून डोक्यात टपली मारणे, डोके भिंतीला लागेल असा धक्का देणे, यास तरबियत म्हणता येणार नाही. ज्या मेंदूत कुरआन साठवायचा त्याच मेंदूवर प्रहार करणे ही त्या अमानतीची खियानत आहे, आणि अशा वेळी व्यवस्थापन समितीने प्रकरण दाबण्याऐवजी मुलाचा खर्च उचलला पाहिजे.

दोष कोणाचाच नसेल तेव्हा

पुष्कळदा दोषी कोणीच नसतो. मूल झाडावरून पडते, पलंगावरून पडते. तेव्हा जबाबदारी पित्याची. पण सूरह बकराच्या 233व्या आयतीत असा आदेश आहे की मुलापायी आईला त्रासात टाकू नये आणि बापालाही टाकू नये. आयत दूध पाजण्याच्या संदर्भात आली आहे, आणि तिच्यातील तत्त्व व्यापक आहे. मूल ही आईबापांना चिरडणारी शिक्षा होता कामा नये. ते चिरडले जात असतील तर वारस, नातलग आणि मग समाज पुढे आला पाहिजे.

येथे जकातविषयी एक सूक्ष्म अडचण सांगणे आवश्यक आहे. अशा घराकडे थोडे सोने आणि थोडी रोकड असते, त्यामुळे निसाब पूर्ण होतो आणि ते जकात घेण्यास पात्र ठरत नाही. बांगडी विकली जाईपर्यंत, कर्ज होईपर्यंत आपण थांबतो आणि मग जकात घेऊन धावतो. त्याआधीच्या काळासाठी आपल्याकडे लिल्लाह निधी आहे, कर्जे हसना आहे, चुलत्याची आणि मामाची माया आहे. मोहल्ल्याच्या बैतुलमालने ‘दाखल रुग्ण’ एवढाच निकष न ठेवता बुडालेली मजुरी आणि प्रवासभाडे यांसाठीही बिनव्याजी कर्ज दिले, तर कित्येक घरे सावकाराच्या दारापासून परततील. आणि जे घर कर्जात बुडालेच आहे, त्याच्यासाठी सूरह तौबाच्या 60व्या आयतीत कर्जदारांचा हिस्सा स्वतंत्रपणे ठेवलेला आहे. नातलगाला दिलेल्या दानात दानाचे आणि नाते जपण्याचे असे दुहेरी पुण्य आहे.

सर्वच मदत पैशाची नसते. आजचे डॉक्टर अशा मुलाला एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू हालचाल आणि टप्प्याटप्प्याने शाळा सुरू करण्यास सांगतात. महिनाभर अंधाऱ्या खोलीत कोंडणे हिताचे नाही. शेजारणीने दुपारी दोन तास मुलाजवळ बसणे, म्हणजे आईला तिचे शिवणकाम करता येईल. शिक्षकाने अर्धा दिवस शाळेची मुभा देणे. हाफिजसाहेबांनी सबक कमी करून वाढवत नेणे. यांस काही लागत नाही, पण खर्चाचा मोठा भाग याने वाचतो. आणि मुलाला मोटारसायकलवर बसवताना त्याच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट असावे, हा तर सर्वांत स्वस्त उपाय आहे. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, हे आपल्याला हदीसने शिकवले आहे.

व्रण दिसला की दया येते. तिच्यासाठी ईमानाची फारशी कसोटी लागत नाही. व्रण नसताना, अहवाल स्वच्छ असताना, केवळ एका मुलाच्या शब्दावर आणि एका आईच्या साक्षीवर आपले देणे मान्य करणे, यासाठी मात्र अल्लाहचे भय लागते. जे आपल्याला दिसत नाही ते तो पाहतो, यावर तर आपल्या ईमानाचा पाया आहे. मग न दिसणाऱ्या वेदनेवर विश्वास ठेवणे आपल्याला कठीण का जावे?

अल्लाहतआला आपल्या मुलांच्या बुद्धीचे आणि आरोग्याचे रक्षण करो, जखमींना शिफा देवो, घेणाऱ्याला संयम आणि देणाऱ्याला सवड देवो, आणि आपल्या हाती सोपवलेल्या हक्कांची अमानत पूर्णपणे पोहोचवण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो. आमीन.